एका पत्रिकेची फट

चमचा फटीत उभाच होता, आणि त्याच्याकडे पाहणारी वीस-बावीस माणसे अजूनही गप्प होती. पोह्याच्या बशीतला साधा स्टीलचा चमचा. उमाजीकाकांनी तो माझ्या फळीच्या तिसऱ्या शेपटीशेजारी, जिथे दोन लाकडांनी एकमेकांना बिलगायला हवे होते तिथे, हलकेच सोडला होता. तो पडला नाही, कलला नाही. ओळखीच्या घरी आल्यासारखा आत जाऊन स्थिरावला. चिक्कडपल्लीच्या त्या समाजमंदिरात पंख्याची सावली चमच्याच्या दांड्यावरून येत-जात होती. माझी आई, तारामती, पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळत होती. समोरच्या सतरंजीवर वधूपिता अप्पाराव चष्मा काढून पुसत होते, घालत होते, पुन्हा काढत होते, जणू फट चष्म्यालाच पडली होती. त्यांच्यामागे जयवंता बसली होती, जिच्याशी माझे लग्न ठरले होते. ती चमच्याकडे पाहत नव्हती. ती माझ्या हातांकडे पाहत होती.

"दही तेवढं आणा," मागून कुणीतरी पुटपुटले. "चमचा तर बसलाच आहे."

कुणी हसले नाही.

कुंडल्या जुळल्या, पसंती झाली, तरी आमच्या तीन-चारशे घरांत लग्न ठरते ते सांध्यावर. जुन्या निजामी मुलखातल्या खेड्यांतून आमची माणसे या शहरात आली, नांगर सुटले, हातात दुकानांच्या किल्ल्या आणि कचेऱ्यांच्या फायली आल्या. ही एक रीत मात्र कुणी सोडली नाही. वराने सागवानाच्या फळीच्या टोकाला शेपट्या कापायच्या, कबुतराने पिसारा पसरावा तशा टोकाकडे रुंद होत जाणाऱ्या. वधूने आपल्या फळीत त्या शेपट्या सामावतील अशा खाचा कापायच्या. सुतार याला डव्हटेल म्हणतात, आम्ही नुसताच सांधा म्हणतो. हातानेच कापायचे, आणि साखरपुड्याच्या यादीत दोन्हीकडच्यांनी सही केलेल्या मापांवरूनच कापायचे. ठरल्या दिवसाआधी एका फळीने दुसरीचे तोंड पाहायचे नाही. पाहिले तर लग्न मोडले. त्या दिवशी दोन फळ्यांमध्ये अंतरपाट धरतात, अक्षता टाकतात, अंतरपाट दूर होतो आणि फळ्या एकमेकींत शिरतात. त्या सांध्यावर उरलेल्या बाजू चढवून जी पेटी होते, तिच्यात लग्नाची यादी जन्मभर राहते.

मग फट मोजली जाते. हे काम उमाजीकाकांचे. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात त्यांच्याच लग्नाची पत्रिका असते, आणि ती फटीत सरकवून ते निकाल देतात. एक पत्रिका जाईल एवढी फट म्हणजे खानदानी घर. दोन म्हणजे निभावून नेतील. तिसरीला वडीलधारे घसा खाकरतात. ती पत्रिका बोटांनी झिजून पातळ झाल्यामुळे अलीकडची लग्ने उगाच जास्त फटीची निघतात, अशीही एक तक्रार आहे. चमच्याची नोंद मात्र आजवर कुठे नव्हती.

"एकवीस दिवस," उमाजीकाका शेवटी म्हणाले. "एकवीस दिवसांनी पुन्हा एकदा. तिसरी खेप नाही. शिवराज, ऐकलंस का?"

मी ऐकले होते. आयुष्यात फार थोड्या गोष्टी मला इतक्या स्पष्ट ऐकू आल्या आहेत. हे लग्न मला हवे होते. एका महाविद्यालयात मी तासांवर मराठी शिकवतो. वर्गात चार मुले, त्यांतली दोन चुकून आलेली. मुलगी पाहायला गेलो होतो तेव्हा जयवंताने विचारले होते, "साखर किती घालू?" मी म्हणालो, "अंदाजे." ती चमचा हवेत धरून थांबली. "अंदाजे म्हणजे किती?" चौतीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी धूसरतेत वाढलेला माणूस. संध्याकाळचा उजेड, अर्धवट ओळी, न पाठवलेली पत्रे यांत माझी वर्षे गेली. तिच्या त्या एका प्रश्नाने माझ्याभोवतीच्या धुक्याला पहिल्यांदा कड आली.

दुसऱ्या दिवशी मी अफझलगंजच्या मागच्या गल्लीत वीराचारींच्या दुकानात गेलो. देवघरे आणि दुकानांचे गल्ले बनवण्यात त्यांचा जन्म गेला होता. माझ्या फळीवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"पढेलिखे हो?"

"एम. ए."

"किस में?"

"मराठीत. कवितेवर."

"तभीच," ते म्हणाले. "तुमारी आरी सोच में पडरी."

माझी करवत खरोखरच विचारात पडत होती. रेघेवर सुरू व्हायची, मध्येच तिला काहीतरी आठवायचे, आणि ती डावीकडे वळायची. वीराचारींनी आधी माझी पेन्सिल गल्लीत फेकली. पेन्सिलची रेघ जाड असते. तिच्यात नेमके कुठे उभे राहायचे हे करवतीला कळत नाही. त्यांनी मला धारदार सुरी दिली. सुरी लाकडाचे तंतू कापत जाते आणि केसाएवढी खाच सोडते, पटाशी तिच्यात आपोआप येऊन टेकते. करवत रेघेवर नव्हे, टाकाऊ लाकडाच्या बाजूने, रेघेला चिकटून चालवायची. रेघ शेवटपर्यंत जिवंत राहिली पाहिजे. आणि करवत सरळ आहे की नाही हे पाहायला गुण्या लावायचीही गरज नाही. करवतीच्या चकचकीत पात्यात फळीचे प्रतिबिंब पडते. फळीची कड आणि तिचे प्रतिबिंब एकच अखंड रेषा दिसू लागले, की पाते काटकोनात आहे. कुठे मोडल्यासारखे दिसले, की हात चुकला. मी तासन्‌तास ती रेषा पाहत राहायचो. एवढ्याशा लोखंडात खरे आणि त्याची प्रतिमा यांच्यात काहीच अंतर नसल्याचा क्षण यायचा, आणि मी श्वास घेतला की जायचा.

"सांस कायको रोकते?" वीराचारी म्हणायचे. "आरी चलारे, बम नई."

अकरा दिवसांत मी एकतीस सांधे कापले. शेपट्या काटकोनात येऊ लागल्या, पायथे सपाट झाले; तिसरी शेपटी मात्र अजून किंचित डावीकडे झुकायची. आणि यादीतल्या मापांवरून मीच कापलेल्या खाचांत मीच कापलेल्या शेपट्या बसत नव्हत्या. कुठे अर्धे सूत जास्त, कुठे पाव सूत कमी.

वीराचारींनी यादीचा कागद उन्हात धरला. "दुसरा तखता किदर है?"

"तो मुलीकडे. आम्ही तो पाहायचा नसतो."

"फिर?"

"दोघांनी या कागदावरून कापायचं."

त्यांनी रंधा खाली ठेवला. एवढे हसले की शेजारचा कुलूपवाला उठून बघायला आला. "बगैर देखे शादी करो बाबू," डोळे पुसत ते म्हणाले, "सांधा नक्को करो." मग ते गंभीर झाले. त्यांनी शेपट्यांची फळी एका कोऱ्या फळीच्या टोकावर उभी ठेवली, शेपट्यांच्या कडांनी सुरी फिरवली, फळी उचलली. खाली शेपट्यांची हुबेहूब आकृती उमटली होती. "लकडी कू लकडी से पूछो. शेपटी तिरछी तो निशान भी तिरछा. कागद बीच में कायकू?"

त्याच संध्याकाळी जयवंताचा फोन आला. ती बालानगरच्या एका कारखान्यात पुर्जे तपासते. तिचा दिवस मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत जातो.

"तो चमचा किती जाड होता, ठाऊक आहे तुम्हाला?"

"नाही."

"एक पूर्णांक बेचाळीस मिलिमीटर. मी घरी घेऊन आले. मायक्रोमीटर लावला."

"तुम्ही चमचा चोरलात?"

"पुरावा आहे तो," ती म्हणाली. "माझ्या खाचा कागदाप्रमाणे अगदी बरोबर होत्या. तुमच्या शेपट्या चुकीच्या. पण तुम्ही बरोबर कापल्यात तरी फट राहणारच आहे, तुमच्या घरची पट्टी आणि आमच्या घरची पट्टी यांच्यातच फरक आहे. कुणी कधी त्या शेजारी ठेवून पाहिल्यात?"

मी तिला वीराचारींचे म्हणणे सांगितले.

"आमच्याकडे आई-बाबांची पेटी कपाटावर आहे," मग ती म्हणाली. "एका पत्रिकेची फट, एकदम खानदानी. तीस वर्षं त्या फटीतून झुरळं ये-जा करतायत. आणि दोघंही म्हणतात, पेटीत झुरळं नाहीतच. पाहुण्यासमोर झुरळ बाहेर आलं, तर बाबा म्हणतात, चिंच सांडली असेल. मला तसलं घर नको, शिवराज. झुरळ असलं तर झुरळ म्हणता आलं पाहिजे. नामपल्ली स्टेशनवर या, उद्या दुपारी तीन वाजता. फळी साडीत गुंडाळून आणा."

"साडीत कशाला?"

"उघडी फळी घेऊन फिरणार आहात का गावातून?"

दुसऱ्या खेपेसाठी कापलेली फळी आईच्या एका जुन्या इरकलीत गुंडाळून मी घराबाहेर पडलो. आई त्या फळीला रोज हळद लावत असे आणि कुणी शिंकले तर तिच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळत असे. तिच्या जागी मी वीराचारींकडची एक नापास फळी ठेवून आलो होतो. ती दोन दिवस हळद खात राहिली.

फलाटाच्या शेवटच्या बाकावर जयवंता बसली होती, मांडीवर एक कोरी फळी. तीन भाषांत गाड्या उशिरा येत असल्याचे सांगितले जात होते. मी साडी उलगडली. तिने माझ्या शेपट्या एकेक करून बोटाने तपासल्या आणि तिसरीवर बोट थांबले.

"ही अजून डावीकडे पळते."

"नवीन कापतो. नऊ दिवस आहेत."

"राहू दे. काटकोनात आहे ना? मग ती तशीच असेल. मी तिच्याप्रमाणे कापते."

मी माझी फळी तिच्या फळीवर उभी धरली. ती वाकली आणि सुरी फिरवू लागली. तिचे केस माझ्या मनगटाला लागत होते, सुरी लाकडात किरकिर करत होती, आणि मला वाटले, माझ्यातले जे वाकडे आहे त्याच्या कडेकडेने इतक्या सावकाश आजवर कुणी गेले नव्हते. एवढ्यात तिकीट तपासनीस आला.

"ये क्या है?"

"तखते," जयवंता मान वर न करता म्हणाली.

"किसके?"

"एक मेरा, एक इनका."

"तो एक के ऊपर एक कायको रखे?"

"मिलारे," ती म्हणाली. "थोडा टाइम लगता."

त्याने आमच्याकडे पाहिले, फळ्यांकडे पाहिले, कानापर्यंत लाल झाला, आणि "स्टेशन पे तो नक्को करो," असे पुटपुटत फलाटाच्या दुसऱ्या टोकाकडे वळला.

नवव्या दिवशी पुन्हा तेच समाजमंदिर, तोच पंखा, तेच पोहे. चमचे मात्र या खेपेला प्लास्टिकचे. दोन मामांनी अंतरपाट धरला. अक्षता पडल्या. अंतरपाट सरला, फळ्या एकमेकींना टेकल्या, आणि उमाजीकाकांनी लाकडी मोगरीचा एकच हलका ठोका दिला. झाकण लागावे तसा आवाज झाला. फळ्या गेल्या, आत, शेवटपर्यंत, आणि मग तिथे दोन फळ्या नव्हत्याच. एका लाकडात दुसऱ्या लाकडाची नक्षी तेवढी होती.

टाळ्या वाजल्या. आईने माझी दृष्ट काढली. उमाजीकाकांनी खिशातून पत्रिका काढली, कडेवर ठेवली, ढकलली. पत्रिका दुमडली. त्यांनी वर्तमानपत्राचा तुकडा मागवला, तो चुरगळला. मग अप्पारावांच्या थोरल्या बहिणीने डोक्यातला एक केस उपटून दिला; तोही जाईना. उमाजीकाका गुडघ्यावर बसले आणि त्यांनी सांध्याला कान लावला. टाळ्या विरत गेल्या.

"हे कसं काय झालं?" ते म्हणाले.

"चांगलं झालं की," आई म्हणाली.

"चांगलं कसलं, वहिनी? माझ्या लग्नाला एक पत्रिका. दादाच्या, म्हणजे तुमच्या लग्नाला एक पत्रिका अन् वर नखभर. अप्पारावांची एक. कागदावरून कापलं की फट राहतेच. आजवर कुणाची राहिली नाही, असं झालं नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "आधी भेटल्याशिवाय फळ्या अशा बसत नसतात."

बायकांच्या बाजूला पदर तोंडाशी गेले.

"शब्द जपून वापरा," अप्पाराव उठले. "माझ्या मुलीच्या फळीला परकं लाकूड शिवलेलं नाही!"

"अन् आमची काय गावभर हिंडत होती?" आई म्हणाली. "रोज हळद लावलीय मी तिला. माझ्या नजरेसमोर होती!"

"मग आमची होती कुठं? बाजारात?"

"फळीचं नाव घेऊन पोरीला बोलू नका हो," अप्पारावांच्या बहिणीने सुनावले. "केस माझा गेलाय."

"भेटल्या होत्या," जयवंता म्हणाली.

ती उभी राहिली होती. तिचा आवाज मोठा नव्हता. एखाद्या पुर्ज्याचे माप सांगावे तसा होता. "नामपल्ली स्टेशनवर. बारा तारखेला, दुपारी तीन ते तीन चाळीस. यांची फळी मी माझ्या फळीवर ठेवली आणि सुरीने खुणा केल्या. सांधा असाच करतात, उमाजीकाका. लग्न मोडायचं तर मोडा. पण बसलंय ते बसलंय. आम्हाला करायचं असलं तर आम्ही करू."

अप्पाराव मटकन खाली बसले. माझ्या आईचा चेहरा मी पाहिला. रोज हळद लावणारे तिचे पिवळे हात मांडीवर उताणे पडले होते.

"शिवराज," उमाजीकाका म्हणाले. "ही खरं बोलतेय का?"

दोन उत्तरे होती. दोन्ही मला येत होती. वर्गात मी मुलांना सांगत आलो आहे की मौन हीसुद्धा एक भाषा असते. पण त्या क्षणी मला मौनही जमले नाही.

"हवा दमट आहे," मी म्हणालो. "आठवडाभर आभाळ आलंय. लाकूड फुगलं असेल. ती थट्टा करतेय."

आधी कुणाला कळले नाही. मग उमाजीकाकांचा चेहरा उजळला. "फुगलंय!" ते ओरडले. "अरे, फुगलंय लाकूड!" "सागवान फुगतंच," अप्पाराव सावरून म्हणाले, "यंदा तर फारच. आणि ही पोर लहानपणापासून थट्टेखोर." कुणीतरी आपल्या घरचे दार कसे लागत नाही ते सांगू लागले, कुणाचे कपाट उघडत नव्हते, आणि बघता बघता त्या सभागृहात शहरातले सगळे लाकूड फुगले. माझ्या आईने जयवंताच्या पाठीवरून हात फिरवला. जयवंता माझ्याकडे पाहत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. सकाळी तपासून ठेवलेले माप संध्याकाळी पुन्हा घ्यावे आणि ते वेगळे यावे, तसे काहीतरी होते.

"आता एवढंच," उमाजीकाका हात चोळत म्हणाले, "की फुगलेलं तासून टाकायचं. एका पत्रिकेपुरतं. मग कुणी बोट दाखवायला नको."

पटाशी ताटातून आली, तिला कुंकू लावलेले. सांधा काही केल्या सुटेना, म्हणून तो जसा आहे तसाच तासायचे ठरले. मग प्रश्न निघाला, कुणाच्या बाजूने तासायचे. वराकडच्यांनी लाकूड दिले तर तो वराकडचा कमीपणा. वधूकडच्यांनी दिले तर अप्पारावांना गावात तोंड दाखवायला जागा नाही. पाऊण तास यावर खल झाला. पोहे संपले, चहा आला. एका मामाने दोन्हीकडून अर्धी-अर्धी पत्रिका सुचवली, पण अर्धी पत्रिका मोजायची कशी हे कुणाला ठाऊक नव्हते, आणि मोजण्यासाठी आपली पत्रिका फाडायला उमाजीकाका तयार नव्हते.

"पोरांनाच ठरवू द्या," शेवटी अप्पाराव म्हणाले. "त्यांचाच सांधा आहे."

पटाशी माझ्या हातात आली. मी सतरंजीवर गुडघे टेकले. वीराचारींनी शिकवले होते तशी मूठ आपोआप वळली, धार आपोआप काटकोनात आली. हात आता चांगलाच तयार झाला होता. मी स्वतःला समजावले की ही एका कागदाच्या जाडीची गोष्ट आहे, एवढ्याशा फटीतून काही जात नाही, एवढे दिले की ती माझी होईल आणि पुढे आयुष्य पडले आहे खरे बोलायला. तिसऱ्या शेपटीच्या कडेवर मी धार टेकवली आणि मान वर केली.

"जयवंता," मी म्हणालो, "तुझ्या बाजूने काढू, की माझ्या?"

तिने पर्स खांद्याला लावली. सतरंजीवर बसलेल्या बायकांनी वाट द्यायला पाय जवळ ओढून घेतले. दाराशी चपलांचा ढीग होता. त्यात तिला आपली जोडी सापडायला थोडा वेळ लागला. तिने आधी डाव्या चपलेचा बंद लावला, मग उजव्या, आणि पायऱ्या उतरून रस्त्यावरच्या गर्दीत निघून गेली.